अंगठा बोटांच्याच बाजूला

माझ्या बापाला मी तोंडावर बाबा म्हणायचे, मनात बाप. तो गेल्यावर मनातलंच नाव शिल्लक राहिलं, म्हणून इथेही तेच लिहिते.

आमच्या जीपचा सेल्फ-स्टार्टर माझ्या जन्माआधीच मेला होता, असं आई सांगायची. सैन्याच्या लिलावातली गाडी तीन मालक करून आमच्या दारात आली होती. हुडाला ठिगळं, मागच्या सीटच्या जागी फळी, आणि पायाखालच्या पत्र्याला एवढं मोठं भोक की रस्ता दिसायचा. अंजूरच्या जरा अलीकडे आमचं गाव. भाताची शेती होती आणि घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये आठ लूम. विणलेल्या कापडाचे ताके रोज भिवंडीत पोचवायचे ते या जीपने. नवा सेल्फ बसवून घे, असं कुणी म्हटलं की बाप आपले दंड दाखवायचा. हात धड आहेत तोवर सेल्फ हवा कशाला, हे त्याचं म्हणणं.

त्यामुळे जीप हँडल मारूनच चालू करावी लागे. हँडल म्हणजे दोन ठिकाणी वाकवलेला लोखंडी दांडा. तो बंपरच्या भोकातून इंजिनात घालायचा आणि फिरवायचा. या कामाला आम्ही तिघं लागायचो. बाप पुढे वाकून दांड्यावर. आई ड्रायव्हरच्या जागी, पाय ॲक्सिलेटरवर आणि हात चावीवर. तिला गाडी चालवता येत नव्हती, एवढंच येत होतं. आणि मी मडगार्डपाशी, कारण बॉनेटमुळे आईला बाप दिसायचा नाही आणि लूमच्या खडखडाटात त्याचा आवाज तिच्यापर्यंत जायचा नाही. पद्धत ठरलेली होती. चावी बंद ठेवून दांडा चार वेळा सावकाश फिरवायचा, म्हणजे पेट्रोल ओढलं जातं. एकेका फेऱ्याला अख्खी जीप उचकी लागल्यासारखी हलायची. चार झाले की बापाने थांबून पकड बदलायची, मला ‘हूं’ म्हणायचं. मी आईकडे बघून मान हलवायची, आईने चावी फिरवायची, आणि बापाने एका झटक्यात दांडा वर खेचायचा.

पकड बदलायला विसरून चालत नसे. इंजिन कधीकधी उलटा फटका मारतं. अंगठा दांड्याभोवती वळलेला असला तर तो फटका सरळ मनगटात जातो आणि हाड मोडतं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला तर दांडा नुसता हातातून निसटतो. पहिल्या चार फेऱ्यांना चावी बंद असते, तेव्हा अंगठा कुठेही असला तरी चालतं. हे सगळं बापाने मला नवव्या वर्षी शिकवलं, आणि नीट ध्यानात राहावं म्हणून एक कानफटात दिली. राहिलं ध्यानात.

पाच-सहा झटक्यांत जीप उठली तर दिवस बरा जायचा. नाही उठली तर पहिली लाथ बॉनेटला, मग सगळा दोष आईचा. तिने पाय लवकर दाबला, उशिरा दाबला, पेट्रोल जास्त सोडलं. आई शाळेत गेली नव्हती. तिला चार आकडे मोजता येत नाहीत, हे तो अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सांगायचा. मग तो दांडा इंजिनातून बाहेर निघायचा. तो तिच्या पाठीवर बसायचा, ढोपरावर बसायचा. एकदा खांद्याच्या हाडावर बसला. ते हाड वेडंवाकडं जुळलं आणि तिचा तो हात वेणी घालायला मागे जाईना. तेव्हापासून तिची वेणी मीच घालायचे. शेजारणी ओटीवर येऊन बघायच्या, आणि जीप उठली की आपापल्या चुलीकडे जायच्या. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा. आमच्याकडे पाटावर कोयते, विळे, लूमचे धोटे मांडले जात, आणि मधोमध तो दांडा. पूजा घरच्या बाईने करायची, ही आमच्या घरची रीत. आई दांडा घासूनपुसून त्याला तेल लावायची, हळदकुंकू वाहायची, झेंडूचं फूल ठेवायची आणि खाली वाकून नमस्कार करायची. वाकताना पाठ दुखली की एक हात जमिनीला टेकवायची. मी दारात उभी राहून बघायचे. एका नवमीला मी दगड घेऊन जीपचा दिवा फोडला. मार आईला पडला, कारण पोरीला वळण तिने लावलं नव्हतं. त्यानंतर मी जीपवर राग काढला नाही. तो साठवून ठेवायला शिकले.

मी बारावीला होते. गोकुळाष्टमी होऊन दोन दिवस झाले असतील. आदल्या संध्याकाळी त्याने तिला पोटरीवर मारलं होतं, का ते आता आठवतही नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. सकाळी ती जीपचा खांब धरून, पाय ओढत वर चढली. बाप दांड्यावर वाकला तोच शिव्या देत. पहिला फेरा. दुसरा फेरा. मी त्याच्या हाताकडे बघत होते. अंगठा दांड्याभोवती घट्ट वळलेला होता. तिसरा फेरा संपत आला आणि मी आईकडे बघून मान हलवली.

इंजिनाने एकच फटका मारला. ऊस कडकन मोडावा तसा आवाज आला. बाप उताणा पडला, आणि त्याचा पंजा भलतीकडेच वळलेला दिसला. मग तो गुरासारखा ओरडायला लागला. मला आनंद झाला. भीती नंतर वाटली, आनंद आधी झाला, हे मी आज आडपडदा न ठेवता लिहिते.

हाड बसवून, प्लास्टर घालून घरी आणल्यावर त्याने पहिला प्रश्न आईला विचारला. चावी कशाला फिरवलीस. आई त्याच्यासमोर भाताचं ताट घेऊन बसली होती. तिने एक घास कालवला आणि म्हणाली, “मना वाटलं चार झालं.”

कुणी पुढे एक शब्द विचारला नाही. हिला मोजता येत नाही हे त्यानेच इतकी वर्षं गावाला सांगून ठेवलं होतं. ती मला पाठीशी घालते आहे, एवढंच मला तेव्हा कळलं.

पुढचे सहा आठवडे आमच्या घरात कुणी कुणाला मारलं नाही. आई त्याला रोज दोन्ही वेळा हाताने भरवायची. तिसऱ्या आठवड्यापर्यंत शेडमध्ये ताक्यांची थप्पी छपराला लागायची बाकी राहिली आणि व्यापारी निरोपावर निरोप पाठवू लागला. हँडल मारायला दुसऱ्याला बोलावणं बापाच्या इभ्रतीला परवडणारं नव्हतं. तेव्हा आईने हळूच सुचवलं की जीप मोडीत काढावी आणि सेल्फवाली जुनी गाडी बघावी, तिची पाटली आहेच. गणपती उठले होते, पितृपंधरवडा लागला होता. या पंधरवड्यात वाहन घरात आणायचं म्हणजे अशुभ, म्हणून बाप आधी खेकसला. पण याच दिवसांत गिऱ्हाईक नसल्याने गाड्या उतरत्या भावात मिळतात, हे आईने माझ्या मामाकडून काढून ठेवलं होतं. अडला हरी म्हणतात तशी गत. तो कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपला. त्यालाच आईने होकार धरलं.

आई, मी आणि मामा भिवंडीत जुन्या गाड्यांच्या एका आवारात गेलो. मालकाने मामाशीच बोलायला सुरुवात केली. आई एकेका गाडीपाशी जायची आणि बॉनेटवर तळहात ठेवायची. पहिल्या दोन्ही कोमट होत्या. म्हणजे आम्ही येण्याआधी चालू करून ठेवलेल्या. ती मालकाला म्हणाली, थंड होऊ देत, आम्ही बसतो. आणि खरंच तिथल्या बाकड्यावर तासभर बसली. मालकाला आधी हसू आलं, मग येईना. तासाने ती एकेका गाडीत बसली, पाय जागेवर ठेवला आणि चावी फिरवली. कुठली किती वेळ कण्हते ते डोळे मिटून ऐकत होती. इतकी वर्षं मार खात तिने इंजिन ऐकलं होतं. त्या आवारात तिच्याएवढं इंजिन कळणारं कुणी नव्हतं, हे मला आज वाटतं आणि त्याचा अभिमान वाटतो. पाचवी, फिकट दुधी रंगाची गाडी, पहिल्या सेल्फला उठली. आईने ती बंद केली, पुन्हा चालू केली, अशी सात-आठ वेळा केली.

सौदा ठरल्यावर मालकाने खुशीने डिकी उघडली आणि आतून एक दांडा काढून दाखवला. ह्या गाडीलाही हँडल लागतं, बॅटरी बसली तर उपयोगी पडेल, वरून देतो, पैसे नकोत, असं तो हिंदीत म्हणाला. मामाने हात पुढे केला.

“यो आमच्या घरात न्हाय येनार,” आई म्हणाली.

मामाने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या खांद्याकडे बघितलं, आणि हात मागे घेतला. गाडी त्यानेच चालवत घरी आणली. पुढे महिनाभरात छपरावरचा रंग उडाला आणि खालून पिवळा निघाला. आमची गाडी मुंबईची टॅक्सी होती. गावातली टवाळ पोरं फाट्यावर हात करून, टॅक्सी खाली हाय का, म्हणून विचारायची. आईला त्याचं काही नव्हतं. टॅक्सी दिवसाला पन्नास वेळा चालू होते, सेल्फ पक्का असणारच, हे तिचं उत्तर.

जीप भंगारवाल्याने ओढून नेली. दांडा मात्र बापाने ठेवून घेतला. नवमीला लागतो, म्हणाला.

नवमीच्या चार दिवस आधी प्लास्टर निघालं. मनगट वाकडंच राहिलं होतं आणि मूठ पुरती वळत नव्हती. डावा हात मात्र या सहा आठवड्यांत चांगला तयार झाला होता. नवमीच्या सकाळी त्याने स्वतः पाट मांडला आणि मधोमध दांडा ठेवला. आईने कोयत्यांना हळदकुंकू वाहिलं, विळ्यांना, धोट्यांना, नव्या गाडीच्या चावीलाही. दांडा वगळून ती उठली. एक राहिला, असं बापाने दाखवलं. गाडीच नाही राहिली तर दांड्याची पूजा कशाला, असं ती म्हणाली. तिने त्याला असं उत्तर दिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्याने डाव्या हाताने दांडा उचलला. आई तिथेच उभी राहिली, डोळे मिटून, खांदे आवळून. तिला सवय होती.

मला नव्हती. मी मध्ये गेले.

“बाबा, त्या दिवशी तुमचा अंगठा आत होता. मी बघत होते. मान मी हलवली.”

त्याला समजायला एक क्षण लागला. मग दांडा खाली पडला आणि त्याच डाव्या हाताची माझ्या उजव्या कानावर बसली. मी पाटापाशी पडले, कोयत्यांवरच पडायची, थोडक्यात वाचले. कानातून रक्त आलं. त्या कानाने मला आजही कमी ऐकू येतं, वर्गात मागच्या बाकावरची पोरं काय कुजबुजतात ते कळत नाही. पण मी उठून बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि मग स्वतःच्या वाकड्या मनगटाकडे. त्याच्या तोंडावर भीती होती. ती ओळखायला मला वेळ लागला नाही, कारण आम्ही दोघी तीच नेसून-पांघरून राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी दांडा नेऊन खाडीत फेकला. चिखलात तिरका रुतला, भरती आली तसा झाकला गेला.

त्या घरात पुढे ताटं फेकली गेली, शिव्या दिल्या गेल्या, पण आईवर हात पडला नाही. बाप सुधारला वगैरे काही नाही. जित्याची खोड. तो फक्त सावध झाला. आम्हा दोघींपैकी कुणीही गाडीत बसलेलं असलं तर तो गाडीच्या पुढून जात नसे, वळसा घालून मागून जायचा. मरेपर्यंत गेला. आळीतल्या लोकांना त्याचं कारण कधी कळलं नाही, आम्ही दोघी मात्र आत बसून एकमेकींकडे बघायचो नाही, हसू येईल म्हणून.

त्याचा राग माझ्यातही उतरला आहे. शिक्षिका झाल्यावर पहिल्याच वर्षी एका मुलावर मी हात उचलला आणि तो हात हवेतच राहिला, कारण माझा अंगठा बापासारखाच घट्ट आत वळलेला मला दिसला. आणि ती मान हलवल्याचं ओझंही होतं. मी माझ्या बापाचं हाड मोडलं, आणि आईने आपल्या अडाणीपणाची ढाल करून मला झाकलं, हे मी बारा वर्षं बाळगलं.

बाप गेल्यावर ती दुधी गाडी विकायला काढली. पत्रा कुजला होता, लूमही तोवर विकले होते. घ्यायला माणूस यायच्या आधी आई एकदा ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसली. मी शेजारी बसले आणि इतक्या वर्षांनी तिला म्हटलं, माझ्यापायी तू तेव्हा खोटं बोललीस. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली जणू मी अजून नऊ वर्षांचीच आहे.

“तुझी मान मी बघितलीच न्हाय,” ती म्हणाली. “फेरा झाला की जीप हालाची. चार झाल्याबिगर त्यो पकड बदलत न्हाय, मना ठावं व्हतं. तीन झालं, मी चावी फिरवली.”

मग तिने चावी फिरवली आणि गाडी पहिल्या सेल्फला उठली.