लांबड्याचं नाव घेऊ नये

सँडीफोर्डच्या आमच्या बिल्डिंगमधली मराठी मंडळी चहाला जमली की गप्पा घरभाड्यावर सुरू होतात आणि वरच्या मजल्यावरच्या डेक्लनवर येऊन थांबतात. गोष्टींना पाय फुटतात म्हणतात. आमच्या गोष्टींना पाय नाहीत, तरी घरोघर फिरतात. बाकीचे हसतात. मला अजून हसता येत नाही.

*

लग्नानंतर निखिलला दोन ऑफर होत्या, ऑस्ट्रेलिया आणि आयर्लंड. मी एकच विचारलं, "साप कुठे नाहीत?" नागपूरला लहानपणी न्हाणीघरात एकदा पाहिला होता, तेवढा जन्माला पुरला.

"आयर्लंडमध्ये औषधालाही सापडणार नाही," निखिल म्हणाला. "एका संताने सगळे समुद्रात हाकलले."

मी त्याच दिवशी बॅगा काढल्या.

*

इथे आल्यावर लिफ्टमध्ये डेक्लन भेटला. हातात उशीचा अभ्रा, आणि अभ्रा हलतोय.

"मांजर का?"

"नो, नो. केविन. पायथॉन. ही इज ग्रँड."

माझ्याहून लांब अजगर, आणि म्हणे ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत अगदी ठीक! तेव्हापासून मी जिना चढते.

*

निखिलने सगळे कायदे उपसले.

"कुत्र्याला लायसन्स लागतं, अजगराला नाही. धंदा म्हणून बरेच विकले तर नोंदणी. घरात एक पाळला तर कोणी विचारत नाही."

"आणि सुटला तर?"

त्याने लॅपटॉप बंद केला आणि चहा टाकायला गेला.

*

मग वर्ध्याहून सासूबाई आल्या. "नाव नाही घ्यायचं वं त्याचं. नाव घेतलं का येते. लांबडं म्हन." नागपंचमीला त्यांनी डेक्लनच्या दाराशी दुधाची वाटी ठेवली. संध्याकाळी तो वाटी धुऊन परत द्यायला आला. दूध चहात छान लागलं म्हणाला.

आमच्या चार वर्षांच्या स्वराला 'लांबडं' म्हणता येईना. पाळणाघरात सगळे कुणालाही, 'तो अमका' म्हणावं तसं, 'युअर मॅन' म्हणतात. तिने केविनला तेच लावलं. आजीची हरकत नव्हती. नाव तर घेतलं नव्हतं.

*

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट ते हॉट प्रेस. आत दिवा नाही, पण ऊब असते. आम्ही टॉवेल ठेवतो, आणि थंडीत स्वरा तिथेच जाऊन बसते.

एक दिवस मी ऑफिसात होते. डेक्लनचा फोन आला, आवाज नेहमीचा नव्हता. केविन सुटलाय, पाइपांच्या फटीतून खाली उतरला असेल, त्याला ऊब लागते, तुमचा हॉट प्रेस बघा. मी घरी सासूबाईंना फोन लावला.

"आई, स्वरा कुठंय?"

"हे काय, त्या गरम कपाटात. लपाछपी खेळून राहिलो आम्ही. आत कोनाशी बोलून राहिली, काय मालूम."

"तिला बाहेर काढा, आई. आत्ता."

दार करकरलं. आईंनी फोन आत तिच्या हातात दिला असावा.

"स्वरा, बाळा, बाहेर ये."

"श्श, मॅमी," ती कुजबुजली. "युअर मॅन इज अस्लीप."