डोक्यावरची आरती

कापराचा वास आला की माझे दंड आपोआप दुखायला लागतात. जयपूरच्या आमच्या मराठी मंडळातल्या मुलांना आरती पाठ नव्हती, म्हणून एका वर्षी गणपतीत ती पडद्यावर दाखवायचं ठरलं. स्लाइड्स मी लिनक्सवरच्या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये केल्या, वर हौसेने एक झोकदार फॉन्ट लावला. "अहो, पीडीएफ करून न्या, म्हणजे काही हलणार नाही," बायको म्हणाली. "ती माझ्या लिनक्सची शरणागती झाली," मी म्हणालो. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त कर्नल. प्रोजेक्टर त्यांच्या लॅपटॉपला जोडलेला आणि त्यावर तो फॉन्टच नव्हता, त्यामुळे ओळी एकमेकींवर चढल्या आणि अर्धी आरती पडद्याबाहेर घसरली. निरांजन पेटलेलं, मुलं माना वाकड्या करून पडद्याकडे बघतायत. "फुकटचं असंच असतं, भाईसाब! पुढच्या वर्षीपासून हे बंद!" कर्नल गरजले. बंद? ज्यावर स्लाइड्स केल्या होत्या, तो माझा जुना लॅपटॉप मी पिशवीतून काढला. प्रोजेक्टरची वायर त्याला बसेना, तेव्हा तो उघडून सरळ डोक्यावर धरला आणि गणपतीशेजारी उभा राहिलो. मुलं आधी खिदळली, मग वाचू लागली, मग चक्क खड्या आवाजात गाऊ लागली. हात उंचावून पुढची स्लाइड आणत बायको पुटपुटली, "हात दुखतायत ना?" "छे!" मी दात आवळून म्हणालो. शेवटी कर्नलांच्या सौभाग्यवतींनी ओघात आरतीचं ताट लॅपटॉपपुढेही फिरवलं. विकतचं सॉफ्टवेअर कधी घेताय, असं कर्नल अजून विचारतात. पण ज्याला भर मंडळात ओवाळलं, त्याला घराबाहेर काढायचं पाप माझ्याच्याने व्हायचं नाही.