आधी द्यायची सुई

दादा गेल्याची तार मला ग्वाल्हेरला मिळाली. आमचं मध्यभारताचं सरकार सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला बसतं, आणि आम्ही कारकून फायलींच्या पेट्यांबरोबर इकडून तिकडे जातो. तार वाचून मला आधी वाटलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं... आणि त्याचीच लाज घेऊन मी गाडीत बसलो.

दादा माझे थोरले भाऊ. होळकरांच्या रिसाल्यात होते. उंच, ऐटबाज, बोलणं असं की शेजारच्या गल्लीत ऐकू जावं. संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, आणि दादा दिवसाउजेडी प्यायला लागले. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. वहिनी पेला विसळून फळीवर मागे सारायच्या, मी आल्यागेल्याला "दादांना पित्ताचा त्रास आहे" म्हणायचो. हुद्दा गेला, मानपान गेला, तरी अब्रूला सुरकुती पडू द्यायची नाही, ही आम्हा इंदूरच्या मराठी घरांची रीतच आहे. मीही ती मन लावून पाळली.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांचं जेवण महिनाभर जवळजवळ बंद होतं. शालूला, म्हणजे त्यांच्या मुलीला, पाहायला देवासची मंडळी यायची होती, नेमके त्याच सकाळी दादा पलंगावरून उठले ते झोकांड्या खात भिंतीवर आदळले. एकाच्या जागी दोन दिसतात म्हणाले. बैठकीत पाहुणे पोहे खात होते आणि मधल्या खोलीत गल्लीतले डॉक्टर दादांना तपासत होते. मध्ये नुसता पडदा. ग्लूकोजची सुई भरता भरता डॉक्टरांनी विचारलं, "बुरा मत मानिए, पण हे घेतात का? तसं असेल तर आधी व्हिटॅमिन बी-वनची सुई देईन, मग ग्लूकोज. उलटं नाही करायचं."

पलीकडे मुलाच्या मामांचं बोलणं थांबलं होतं. मी म्हणालो, आणि जरा मोठ्यानेच म्हणालो, "छे हो डॉक्टरसाब, आमच्या घरात कोणी बिडीसुद्धा ओढत नाही." वहिनी दारात होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी ग्लूकोज दिलं. संध्याकाळपर्यंत शालूचं लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी दादांचे डोळे एका जागी थिजले, माणसं ओळखू येईनात. तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला न विचारता महूला निरोप धाडून दादांच्या ओळखीचे एक फौजी डॉक्टर बोलावले. डॉक्टरांना वहिनींनी सगळं सांगितलं. माझं खोटं तेवढं सांगितलं नाही. डॉक्टरांनी लगेच बी-वनच्या मोठ्या सुया सुरू केल्या. एवढं औषध बाधणार तर नाही, असं मी विचारलं. काळजी करायला मला मुहूर्त तो सापडला. ते म्हणाले, "क्वचित एखाद्याला ही सुई सोसत नाही, म्हणून तर धीरे धीरे देतो आणि पास बसून राहतो. बाकी जास्त झालं ते लघवीवाटे निघून जातं. कमी पडलं तर मात्र डोकं जातं, भिया. जपान्यांच्या कैदेत उपाशी राहिलेल्या जवानांत हेच पाहिलंय मी, आणि त्यांनी तर दारूचा थेंब नव्हता घेतला. नुसत्या ग्लूकोजने अंगातलं उरलंसुरलं बी-वनही संपलं, ही सुई दोन दिवस आधी मिळाली असती तर..."

डोळे दोन दिवसांत वळू लागले. काही आठवड्यांत दादा काठी घेऊन चालायलाही लागले. दारू सुटली, कारण ती मागायचीच ते विसरले. आठवण मात्र परतली नाही. शालूच्या लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या, तिला निरोप दिला, आणि तासाभराने मला विचारलं, "शालूचं कुठे जमतंय का रे?" मी इंदुरात असलो की रोज विचारायचे. मी म्हणायचो, "जमलं, दादा. देवासला." दर वेळी त्यांचे डोळे भरून यायचे. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "तू जमवलंस ना? मला माहीत होतं."

बी-वनच्या गोळ्या मी चारही वर्षं आणल्या. डॉक्टरांनी एक सांगितलेली, मी दोन द्यायचो, कधी तीन. महूच्या डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. "नुकसान नाही, पर फायदा भी नहीं," म्हणाले, "हे तुम्ही कोणासाठी देता?" मी बाटलीला बूच लावून ती फळीवर मागे सारली.

तेराव्याला शालू आली. दादांच्या खोलीतला पलंग काढला होता. तिथे जमिनीवर आम्ही दोघंच बसलो होतो. ती म्हणाली, "काका, मला पाहायला आले होते ना, त्या दिवशी डॉक्टरांनी बाबांबद्दल काही पूछा था का? आई तर बोलतच नाही." ऐकायला या वेळी कोणी पाहुणे नव्हते, कोणाचं लग्न मोडणार नव्हतं. तरी मी नाही म्हणालो.

तेव्हापासून रोज त्या खोलीत जाऊन बसतो. दादांनी विचारायची वेळ होते, कोणी विचारत नाही, आणि मला तिथून उठवत नाही. हे मी वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहितो आहे; ती देवासला जाते, शालू ती वाचते. शालू, डॉक्टरांनी विचारलं होतं. आधी द्यायची सुई त्यांच्या पिशवीत होती.