जहाजावरची झोप

आमच्या जालन्याच्या घरात समुद्र आला तो सुनेच्या संगणकातून. परदेशांतल्या मालट्रकांचे नियोजन करणाऱ्या एका कंपनीचे काम ती घरूनच करते. कोणता ट्रक कोणत्या जहाजात चढेल, पलीकडे उतरून कुठवर चालेल, हे माझ्या खाटेशेजारच्या टेबलावर ठरते. दुपारी खिडक्या लावलेल्या असत आणि नकाशाची निळाई भिंतीवर पडे. न्यायालयातून निवृत्त झालेला मी तिच्याकडे पाहत पडून राही. भरलेला ट्रक जहाजाच्या पोटात शिरतो आणि रात्रभर पाण्यावरून जातो, हे मला अर्धवट झोपेतच खरे वाटे.

तिथला एक नियम तिने मला वाचून दाखवला होता. जहाजावर चालकाची विश्रांती फार तर दोनदा मोडावी, चढताना आणि उतरताना. आणि त्याला झोपायला बिछाना मिळालाच पाहिजे. खुर्चीत काढलेली रात्र विश्रांती ठरत नाही. आयुष्यभर कलमांत वावरलो, पण माणसाच्या झोपेची इतकी काळजी वाहणारे कलम पाहिले नव्हते. आमच्या एमआयडीसीत सळया न्यायला आलेले चालक ट्रकखाली चादर अंथरतात. त्याबद्दलच्या माझ्या अर्जांना साधी पोचही मिळालेली नाही.

एका दुपारी इटलीहून ग्रीसला जाणारा ट्रक अडला. पहिल्या जहाजात फक्त खुर्च्या उरल्या होत्या. नंतरच्या जहाजात बिछाना होता, पण माल उशिरा पोचणार होता. सुनेचा साहेब फोनवर म्हणाला, "ताई, ट्रक उभा म्हणजे ड्रायव्हर आरामातच की. खुर्ची घ्या, विश्रांती लिहा, उतरल्याबरोबर पुढं काढा."

फोन बंद होताच मी तक्रार लिहायला कागद ओढला. खोटी नोंद करण्याचा हा उघड आदेश होता.

"मामा, तुमचा मायना संपंपर्यंत जहाज पलीकडं पोचलेलं असंल," सून म्हणाली.

"मग तू काय करणार?"

"इचारच करून राह्यले. न्हाई ऐकलं तर नोकरीचं खरं न्हाई. अजून कायम कुठं केलंय मला? आन् ऐकलं तर तो माणूस पेंगत घाट चढंल."

तिने दोन्ही जहाजांच्या वेळा पुन्हा एकदा पाहिल्या. मग तिने नंतरच्या जहाजातला बिछाना घेतला आणि साहेबाला दोन ओळी पाठवल्या.

"कलम टाकलेस?"

"बिलकुल. नंबरासगट."

सकाळी साहेबाचे उत्तर आले नव्हते. नकाशावर त्या ट्रकचा ठिपका भर समुद्रात होता. हलतो आहे की नाही तेही कळत नव्हते.

"झोपला असंल का ओ, मामा?"

"कायद्याने झोपलेलाच असला पाहिजे."

ती हसली, पण तिचे डोळे फोनवर होते. चहा निवल्यावर फोन वाजला. तिने मोठ्याने वाचले, "यापुढं आधी विचारत जा. बिछान्याचा खर्चा बिलात लावा." आणि मग एवढ्या वेळात पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

माझे पत्र "महोदय"पाशीच थांबले होते. ते तसेच उशाशी ठेवून मी डोळे मिटले. खाट किंचित झुलल्यासारखी वाटली. किनारा अजून लांब होता, आणि कायद्याप्रमाणे त्या चालकाला आता एकदाच उठवता येणार होते.