हरवलेल्यांचा हवालदार

दोन बोटांनी पाण्याचा पेला टेबलावरून पुढे सरकवायचा आणि म्हणायचं, "बसा आधी. पाणी घ्या." हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या त्या टीव्ही मालिकेत आमच्या हवालदारकाकांना एवढंच काम होतं. दर भागात नवं कुटुंब रडत चौकीत यायचं, साहेब तपास करायचे, माणूस सापडायचा किंवा नाही सापडायचा. काका मात्र पाणी दिलं की कॅमेऱ्याबाहेर.

शूटिंग नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका रिकाम्या बंगल्यात चालायचं आणि मी कपडेपट सांभाळायचे. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, हौशी नाटकांत जन्मभर भालदार-चोपदार केलेले. "ताई, एकदा मोठी भूमिका मिळू दे, मग बघा," हे ते मला रोज ऐकवत आणि मी त्यांची खाकी पँट कमरेत सैल करत असे. मिसळ जरा कमी करा म्हटलं तर म्हणत, "हवालदाराला पोट शोभतं." तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला स्टेजवर ढकलावं लागत नाही, खाली उतरवावं लागतं.

एका दुपारी एक म्हातारी थेट सेटवर आली. येवल्याकडची. नवरा पैठणी विणणारा, अलीकडे सगळं विसरायला लागलेला. डोळे दाखवायला त्याला नाशिकला आणलं आणि बसस्टँडच्या गर्दीत हात सुटला. पोलिसांत तिने तक्रार दिली होती, तेही शोधत होते. तरी ती काकांसमोर येऊन बसली.

"आजी, मी खरा पोलीस नाही हो. हे सगळं नाटक आहे," काका म्हणाले.

"ते मला बी कळतं, भाऊ. पन तुमाला समदे वळखतात. माझ्या मानसाला कोन वळखतं?"

काकांनी तिच्याकडून नवऱ्याचा फोटो मागून घेतला. त्या दिवसापासून रस्त्यात कुणी "हवालदारसाहेब, एक सेल्फी" म्हणत आलं की त्यांची अट ठरलेली. मी हा फोटो छातीशी धरणार आणि तुम्ही तो सेल्फी माझ्या नंबरासकट तुमच्या सगळ्या ग्रुपवर टाकायचा. सीबीएस बसस्टँडवर, पंचवटीत, भाजीबाजारात लोक त्यांच्या शेजारी दात काढून उभे राहत आणि मधोमध त्या म्हाताऱ्याचा भांबावलेला चेहरा. मी चिडवायचे, "काका, प्रसिद्धीची हौस बरी भागतेय तुमची." ते म्हणत, "भागू दे की, ताई." आजी सातपूरला भाचीकडे राहिली होती आणि रोज फोन करून विचारत होती.

नेमकं तेव्हाच काकांचं नशीब उघडलं. दिग्दर्शकाने त्यांना खलनायक देऊ केला, गोड बोलून माणसं पळवून नेणारा. अख्खा भाग त्यांचा, पानंच्या पानं संवाद. माझ्या इस्त्रीच्या टेबलाशी उभे राहून त्यांनी ती वाचून दाखवली तेव्हा त्यांचा आवाज असा बदलला की माझ्या अंगावर काटा आला. खरंच चांगले नट होते हो. मी मापं घेतली आणि काळा शर्ट शिवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पानं परत केली.

मी भडकलेच. "जन्मभर ज्याची वाट बघितली ते दारात आलंय आणि तुम्ही नाही म्हणता? मालिकेतलं असतं ते. कोण खरं मानतंय?"

"लोक माझ्याजवळ थांबतात ते मालिकेत बघूनच ना, ताई? उद्या हाच चेहरा बघून बाया पोरं मागे ओढतील. मग म्हाताऱ्याचा फोटो कोणाला दाखवू?"

"आणि तो सापडलाच नाही तर?"

"तर दाखवत राहायचा," ते म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

काळा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर चढला. काका दोन दिवस कपडेपटाकडे फिरकले नाहीत. त्यांना वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं.

फोन आला तो सुरगाण्याहून. एका जीपवाल्याने कुठल्याशा ग्रुपवर तो फोटो पाहिला होता. पोलिसांना कळवून काका आजीला घेऊन निघाले, मीही गेले. घाटभर आजी नुसती पदराचं टोक पिळत होती.

जीपच्या थांब्यावरच्या चहाच्या टपरीत म्हातारा मांडी घालून बसला होता. समोर टपावरचं सामान बांधायच्या दोराचा गुंता आणि तो नखाने एकेक गाठ सोडवत होता. टपरीवाल्याने सांगितलं, नाशिकच्या बसमधून उतरला तेव्हा त्याला नाव-गाव काही आठवत नव्हतं, पण दोर हातात दिला की शांत बसायचा. म्हणून सगळे जीपवाले आपापले दोर त्याला आणून देत आणि दोन वेळचं जेवण टपरीवाल्याकडे.

आजी त्याच्याजवळ बसली. "चला ना घरी."

त्याने मान वर करून तिला बराच वेळ न्याहाळलं. मग म्हणाला, "थांब गं. येवढी गाठ राह्यली."

तिने दोराचं दुसरं टोक धरलं आणि गाठ सुटेपर्यंत बसून राहिली. मी रडले, त्यात लाज कसली.

दिग्दर्शकाच्या मनात नकाराचा राग राहिला असावा, पुढच्या भागांसाठी काकांना बोलावणं आलं नाही. त्यांच्या घरी मात्र हरवलेल्यांचे नातेवाईक अजून फोटो घेऊन जातात आणि काका चपला घालून निघतात.

सुरगाण्याला त्या दिवशी जीपवाल्यांनी हवालदाराला ओळखलंच आणि सेल्फीसाठी गर्दी केली. काकांचे हात सवयीने छातीशी गेले, पण ते रिकामे होते. मग त्यांनी म्हाताऱ्याला खांद्याला धरून मधोमध उभं केलं, शेजारी आजीला, आणि स्वतः "तुम्ही या पुढे, तुम्ही या" करत मागे सरकत राहिले. तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. ते दोघं त्यात अगदी नीट आले आहेत. काकांचा एक खांदा आणि अर्धा कान तेवढा दिसतो.