रुमालाचं टोक

होसकोट्याच्या कारखान्यात मी लेथवर होतो, तेव्हा कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला की तो दवाखान्यात जात नसे, माझ्याकडे येई. मी सगळ्यांत जुना, म्हणून सगळ्यांचा अण्णा. रुमालाचं टोक जिभेवर ओलं करायचं, पीळ द्यायचा, पापणी उलटी करायची आणि कण टिपायचा. डोळ्यांना लावायचे चष्मे कंपनीने दिले होते. ते आम्ही खुंटीला टांगून ठेवले होते, आणि वर त्याचाच तोरा मिरवायचो.

शेजारच्या लेथवर निपाणीकडचा एक जण होता, दोन मुलींचा बाप. एका दुपारी त्याच्या उजव्या डोळ्यातला कण मी काढला. "सरी का?" म्हणजे ठीक का, असं कानडीत विचारलं तर "सरी" म्हणाला. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक. मेडिकलवाल्याने कसलेसे थेंब दिले, त्याने ठणका उतरला, म्हणून आम्ही निवांत राहिलो. चौथ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला आणि त्याला उजेड सोसेना. माझ्या तोंडचं पाणी पळालं. या कामात एका डोळ्याच्या माणसाला कोण ठेवून घेणार? तसाच त्याला बसमध्ये घातला आणि शहरात जयनगरला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

बाई साठीच्या, बारीक अंगाच्या. औषधाचं नाव काढायच्या आधी कानडीत प्रश्नांवर प्रश्न. काय गेलं, कधी गेलं, थेंब कुठले घातले. बाटली बघून कपाळाला आठी पडली. "यात स्टेरॉइड आहे. वरून बरं वाटतं आणि आत जंतू मोकाट सुटतात."

मग त्यांनी डोळ्याला केशरी रंगाची पट्टी टेकवली आणि निळ्या उजेडात बघितलं. जखम हिरवी चमकली, मलाही दिसली. डोळा बधिर करून त्यांनी जखमेच्या कडेचं स्वल्प खरवडलं. काय हात होता! आयुष्यभर लेथवर घालवलेला मी, बघतच राहिलो. खरवडलेलं थोडं काचपट्टीवर घेतलं, थोडं जंतू वाढवायच्या बशीत.

"कण कुणी काढला?"

"आपोआप पडला," तो म्हणाला.

"कशाने काढला ते कळलं तर जंतू ओळखायला मदत होते. मला कुणाला रागवायचं नाही."

"आपोआपच पडला, मॅडम."

शेवटी मीच बोललो, "मी काढला. रुमालाने. थुंकी लावून."

वाटलं, आता बाई चारचौघांत माझी हजेरी घेणार. त्यांनी फक्त लिहून घेतलं आणि काचपट्टीला रंग देऊन स्वतः सूक्ष्मदर्शकातून बघायला गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "तोंडातले जंतू असावेत. दोन दिवसांनी बशी बघून पक्कं सांगते. पण औषध आत्तापासून, दर तासाला, रात्रीसुद्धा." माझ्या गाढवपणाचाही त्यांनी इलाजाला उपयोग करून घेतला. एवढं शिकलेलं माणूस, आणि आवाज एकदाही चढला नाही. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो.

बशीनेही तेच सांगितलं. डोळा वाचला. बुबुळावर पांढरं फूल राहिलं, पण कडेला, आणि महिन्या-दोन महिन्यांत तो पुन्हा लेथवर उभा राहिला. त्यानंतर कुणाच्याही डोळ्याला मी हात लावला नाही.

शेवटच्या तपासणीहून परतताना बसस्टॉपवर मी त्याला झापलंच. "बाईंशी खोटं का बोललास? डोळा गेला असता तुझा."

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही शेजारीच बसला होता की, अण्णा."