बाबांच्या सायकलीला फवारणीचं इंजिन

आमच्या घरात कोणी कोणावर ओरडत नाही. ज्याला तक्रार असेल त्याने पत्रक काढायचं, शनवारा चौकात जाऊन तीन झेरॉक्स करायच्या आणि बाबा, आई, मी अशा तिघांना एकेक प्रत द्यायची. म्हणजे काढणाऱ्यालाही एक मिळते. उद्या त्याने शब्द फिरवला तर त्याचीच प्रत त्याला दाखवता येते. झेरॉक्सवाल्याला आमची सगळी भांडणं पाठ आहेत. आईने एकदा 'ओला टॉवेल: आणखी किती दिवस?' हे पत्रक काढलं, तेव्हा प्रती देताना तो म्हणाला, "भाभी, मुद्दा नंबर दो एकदम बराबर आहे."

हा नियम बाबांचा. ते शाळेत मास्तर होते आणि शाळेबाहेर पत्रकं काढायचे. मजुरी, पाणी, भाडं, धान्य, काहीही. मी त्या गठ्ठ्यांवर झोपून मोठी झाले. पहिलीत बाईंनी 'ध'चा शब्द विचारला तेव्हा सगळी पोरं धनुष्य म्हणाली, मी धिक्कार म्हणाले.

दर आठवड्याच्या बाजाराला बाबा सायकलने नेपानगरला जायचे. जायला दोन तास, यायला दोन तास. तिथे एका कांदेवाल्या मावशींच्या शेजारी उभे राहायचे, पत्रक मोठ्याने वाचायचे, वाटायचे आणि परत यायचे. गेल्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सायकल बंद केली. तीन बाजार चुकले.

बाबांच्या दृष्टीने हे फार गंभीर होतं. "पत्रकवाला यायचा थांबला की लोक दोनच गोष्टी समजतात," ते म्हणाले. "मेला, नाहीतर विकला गेला. मेला असता तर बातमी आली असती."

बसने जा, असं सांगायची सोय नव्हती. भाडेवाढ मागे घेईपर्यंत बसमध्ये पाय ठेवणार नाही, असं पत्रक त्यांनी मी तिसरीत असताना काढलं होतं, आणि भाडं काही उतरलं नव्हतं. रेल्वेवरही बहिष्कार होता. तो कशासाठी, हे त्यांना आता आठवत नव्हतं. जुनं पत्रक सापडत नव्हतं, आणि कारणच माहीत नाही तर बहिष्कार मागे कोणत्या तोंडाने घ्यायचा? कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसावं तर 'सायकल हेच सामान्य माणसाचं वाहन' या पत्रकाच्या चार आवृत्त्या निघालेल्या.

लोक या गोष्टीला हसतात. मी हसत नाही. सोयीचं तेवढंच मानणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत. त्यांच्यापेक्षा कारण विसरूनही बहिष्कार पाळणारा माणूस मला बरा वाटतो. पण गुडघे गेले म्हणून माणसाचं म्हणणंच बंद पडावं, हेही मला मान्य नव्हतं. बाबा फक्त सायकलवर बसणार, आणि त्यांना पायडल मारता येत नाही. मग सायकलला इंजिन लावायचं. मोबाइलवर मी तसे व्हिडिओ पाहिले होते. जगभर माणसं असं करतात आणि करताना फार आनंदी दिसतात.

शनवाऱ्याजवळ फवारणी पंप दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. केळीच्या बागांमधले पाठीवर घ्यायचे पेट्रोलचे पंप त्यांच्याकडे येतात आणि बरेचसे तिथेच राहतात. मी जाऊन सांगितलं, एक चालू इंजिन पाहिजे, सायकलला लावायला.

"कोण चालवणार?"

"बाबा."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "सर? बेटा, सर मागच्या महिन्यात पेट्रोलच्या विरोधात पत्रक देऊन गेले मला. हे बघ, त्याच्यावरच समोसा खाऊन राहिलो मी."

"इंजिन छोटं आहे ना, चाचा. घोटभर पेट्रोल पितं."

"थोडं प्यायलं तरी पिणारा तो पिणाराच," मिस्त्री म्हणाले, पण उठून भंगारात हात घालू लागले.

आम्ही दोघांनी मिळून ते केलं. इंजिन कॅरिअरवर एका बिजागरीच्या पट्टीवर बसवलं. इंजिनाला एक रूळ जोडला, तो मागच्या टायरवर दाबला की टायर फिरतो, म्हणजे सायकल पळते. दाबायला आणि उचलायला सीटखाली एक लोखंडी दांडा. रूळ मात्र गुळगुळीत असून चालत नव्हता, टायरवर घसरायचा. मिस्त्रींनी एका भंगार पॉवरलूमचा, कापड पुढे ओढणारा खरखरीत रूळ कापून आणला. तो घसरला नाही. त्याने टायर किसला. पहिल्या चाचणीत मी तापीच्या रस्त्याने जाऊन आले तेव्हा माझ्या पाठीवर काळ्या रबराचा कीस साचला होता, आणि इंजिनाला इतक्या वर्षांच्या औषधाचा असा वास होता की वाटेत एक माशी जवळ आली नाही.

घरी पत्रकयुद्ध सुरू झालं. माझं पहिलं पत्रक: 'प्रश्न इंजिनाचा नाही, गुडघ्याचा आहे!' दुसऱ्या दिवशी चहाच्या कपाखाली बाबांचं उत्तर: 'गुडघ्याच्या नावाखाली शरणागती.' मी: 'शरीर थकलं तरी आवाज का थकावा?' बाबा: 'आवाज कोणाचा? माणसाचा की सायलेन्सरचा?' हे मला लागलं, कारण सायलेन्सर खरंच फाटका होता. आईने मधेच एक ओळीचं पत्रक काढलं: 'इंजिन स्वयंपाकघरात राहणार नाही.' खाली मागण्या नव्हत्या, आवाहन नव्हतं. ते ताबडतोब मान्य झालं.

झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, गुडघ्याचं मला पटलं. पण सरांचं सायलेन्सरवालं भारी होतं."

मग चौथा बाजार चुकला आणि कांदेवाल्या मावशींचा बाबांना फोन आला. बाबा कमी ऐकतात म्हणून फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे सगळ्या घराने ऐकलं.

"मास्तर, तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे."

"मग येत काहून नाही? इकडं माणसं म्हणून राहिली, मास्तर बसले कोणाच्या तरी मांडीवर जाऊन."

बाबांनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा असा झाला की मी पत्रक काढायचं सोडून त्यांच्याजवळ जाऊन बसले. चष्मा पुसता पुसता ते म्हणाले, "चष्मा लावला म्हणजे डोळे विकले असं होत नाही."

"नाही होत."

"तसं इंजिन हे चष्म्यासारखं सहायक साधन आहे, असं मांडता येईल."

"येईल."

"पण पायडल मारणं मी बंद करणार नाही."

तडजोड अशी झाली की बाबा इंजिन चालू असतानाही तत्त्वापुरतं पायडल फिरवत राहतील, जोर न लावता. 'इंजिन: एक खुलासा' हे संयुक्त पत्रक निघालं. आईने त्यावर सही केली आणि त्याच्याच पाठीमागे किराणा लिहिला.

बाजाराच्या दिवशी सकाळी मिस्त्री आणि मी बाबांना एका दगडावर उभं करून सायकलवर बसवलं. हँडलला पत्रकांची पिशवी. नवं पत्रक केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांबद्दल होतं, चार मागण्यांचं. एक, पिण्याचं पाणी. दोन, खांद्याला गादी. तीन, भरलेल्या ट्रकच्या टपावर माणसं बसवू नका. चार, बाईला पुरुषाइतकीच मजुरी. मिस्त्रींनी दोरी ओढली, इंजिन धडधडलं, बाबांनी दांडा दाबला आणि गेले. मिस्त्री मागून ओरडले, "सर, पायडल मारू नका, चेन तुटन!" बाबा मारतच होते.

मी बसने गेले. त्या भाडेवाढीच्या वेळी मी आठ वर्षांची होते, सही केली नव्हती. चांदनी गावाच्या अलीकडे बसने बाबांना गाठलं. निळा धूर, धुरात पांढरा सदरा, आणि हळू फिरणारे पाय. बसमधला एक जण म्हणाला, "अरे, हा म्हातारा जळून राहिला काय?" दुसरा म्हणाला, "नाही, फवारणी चालू आहे." बाबांनी बसकडे पाहिलं, तिच्यावर बहिष्कार असल्यामुळे मान फिरवली, आणि खिडकीत बसलेली मुलगी त्यांना दिसली नाही.

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. खड्ड्यांमुळे दांडा सारखा सुटत होता, म्हणून बाबांनी गठ्ठ्याची सुतळी काढून तो सीटला बांधून टाकला. चाळीस वर्षं गठ्ठे बांधणाऱ्या माणसाची गाठ. त्यानंतर केव्हातरी धक्क्याने इंजिन बंद करायच्या बटणाची तार तुटली. म्हणजे आता सीटवर बसून सायकल थांबवायचा कुठलाही मार्ग उरला नव्हता. ब्रेक दाबला की रूळ टायर किसायचा. उतरायचं तर गुडघे, आणि दगड घरी.

मी बाजारात कांदेवाल्या मावशींजवळ उभी होते. लांबून आवाज आला, मग वास आला, मग बाबा आले. त्यांनी वेग कमी केला होता, पण कमी म्हणजे माणूस भरभर चालेल इतका. त्याच्याखाली इंजिन येत नव्हतं. ते आमच्यासमोरून गेले.

"मजूर बंधूंनो!" ते म्हणाले, आणि पुढे निघून गेले.

बाजाराला गोल रस्ता आहे. भाजीची रांग, बांगड्या, चपला, धान्य, परत भाजी. बाबा तो फिरत राहिले आणि फिरता फिरता भाषण करत राहिले. आमच्या वाट्याला दर फेरीला एखादं वाक्य येत होतं.

"...खांद्याला गादी मिळालीच पाहिजे!"

"गादी कुठं मिळून राहिली?" मावशींच्या पलीकडचा लसूणवाला उठून उभा राहिला. पुढच्या फेरीला त्याने पुन्हा विचारलं, पण बाबा तोवर ट्रकच्या टपावर पोचले होते. चपलावाल्यांना फक्त पाण्याची मागणी ऐकू आली आणि त्यांच्यातल्या एकाने बाबांना पळत जाऊन ग्लास दिला. बाबांनी तो चालत्या सायकलवर प्यायला आणि एका फेरीनंतर परत केला.

मी धावत त्यांच्या शेजारी गेले. "बाबा, मागचा पेट्रोलचा कॉक बंद करते!"

"थांब!"

"बाबा, थांबायचंच आहे ना?"

"चौथी मागणी राहिली आहे!"

"खाली उतरून सांगा!"

"बांगड्यांच्या रांगेत सांगायची आहे, तिथे बायका आहेत!"

मी बांगड्यांपर्यंत त्यांच्याबरोबर धावले. त्यांनी "बाईला पुरुषाइतकीच" एवढं म्हटलं आणि रांग संपली. तेव्हा मी कॉक फिरवला. इंजिन अर्धी फेरी तसंच कुरकुरलं, दोनदा उचकलं आणि कांद्यांसमोर मेलं. मी सायकल पकडली, लसूणवाल्याने बाबांना पकडलं.

भोवती गर्दी जमली. बाबांनी पिशवीत हात घातला, पत्रक काढलं आणि पुढच्या माणसाला दिलं. तो केळी भरायच्या गाड्यांवर काम करणारा, बाबांचा जुना ऐकणारा. त्याने पत्रक घेतलं नाही. तो इंजिनाकडे पाहत होता.

"सर," तो म्हणाला, "गाडी कोणी दिली?"

मागून एकाने विचारलं, "कोणत्या पार्टीची?"

बाबांचा हात पत्रकासकट तसाच पुढे राहिला. चार बाजार चुकल्यावर इतका धूर खात ते आले होते ते हीच शंका पुसायला, आणि शंका आता त्यांच्या कॅरिअरवर बसलेली होती. मी पिशवीत हात घालून खुलासा शोधला. खुलाशाचं पत्रक आम्ही घरीच विसरलो होतो.

कांदेवाल्या मावशी पोत्यावरून उठल्या. त्यांनी सायकलभोवती एक चक्कर मारली. इंजिनाला नाक लावलं. "हा तर फवारणीचा पंप." वाकून रूळ पाहिला, बोट लावलं, बोट काळं झालं. "हे लूमचं." मग तार, मग सुतळीची गाठ, मग सायलेन्सरवर गुंडाळलेली डब्याच्या पत्र्याची पट्टी. सगळं पाहून झाल्यावर त्या गर्दीकडे वळल्या.

"विकलेल्या माणसाला असं भंगार देते का रे कोणी?"

गर्दीने परत पाहिलं, या वेळी नीट.

"पार्टीनं दिली असती तं निदान घंटी असती," लसूणवाला म्हणाला.

"सीट फाटली नसती," दुसरा म्हणाला.

"थांबली असती," तिसरा म्हणाला, आणि सगळे हसले. "ही घरच्याच कोणीतरी केली असन."

कितीतरी दिवस मी त्या सायकलीत घातले होते. बिजागरीचं वेल्डिंग चांगलं होतं, ते एकाने तरी पाहावं असं मला वाटत होतं. पण तेवढ्यात केळीच्या गाडीवरच्या त्या माणसाने पत्रकासाठी हात पुढे केला होता, आणि त्याच्या मागे आणखी हात आले होते, म्हणून मी गप्प बसले. आयुष्यात मी फार वेळा गप्प बसलेली नाही.

बाबा मावशींच्या पोत्यावर बसले आणि चौथी मागणी त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका जागी, सबंध वाचली. मावशींनी ऐकून घेतली.

"हे केळीच्या बायकांचं झालं," त्या म्हणाल्या. "कांदे निवडायला येतात त्यांचं काय? त्यांनाबी लागू हाय का?"

बाबांनी विचार केला. "लागू असायला पाहिजे."

"मग लिहा ना."

बाबांनी खिशातला पेन काढला, उरलेला गठ्ठा मांडीवर घेतला आणि प्रत्येक प्रतीवर हाताने 'कांदे निवडणाऱ्या बाईलाही' असं लिहायला सुरुवात केली. गठ्ठा मोठा होता. इंजिनाच्या वजनाने सायकलचं स्टँड मोडलेलं होतं, त्यामुळे मी तिला दोन्ही हातांनी धरून उभी राहिले, आणि मावशी एकेक प्रत झाली की कांदे तोलायच्या वजनाखाली वाळत ठेवू लागल्या.